कारखान्यातल्या सेंद्रिय वाफा: पकडायच्या की जाळायच्या?

अकोल्यातल्या तेल उद्योगाचंच उदाहरण घेतो. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के. नुसतं दाबून ते सगळं निघत नाही, म्हणून सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन वापरतात. ते तेल विरघळवतं. मग उष्णता देऊन हेक्झेन उडवलं की तेल आणि डीओसी वेगळे मिळतात. प्रश्न उरतो तो वाफेचा.

ही वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड, त्यामुळे नालीत, खड्ड्यात साचते. हवेत तिचं प्रमाण १.१ ते ७.५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरे. दीर्घकाळ श्वासात गेली तर कामगारांच्या हातापायांच्या नसा निकामी होऊ शकतात.

कंडेन्सर: हेक्झेन ६९ अंशांना उकळतं, त्यामुळे थंड पाण्याने बहुतेक वाफेचा द्रव होतो. पण बाहेर जाणारी हवा ४० अंशांवर असेल, तर तिच्यात तिसऱ्या भागाहून जास्त हेक्झेन राहू शकतं. २० अंशांवर साधारण सहावा भाग. म्हणून वऱ्हाडच्या उन्हाळ्यात कूलिंग टॉवरकडे दुर्लक्ष परवडत नाही.

शोषण: उरलेली हवा थंड मिनरल ऑइलच्या टॉवरमधून नेतात. ऑइल हेक्झेन शोषतं. नंतर ते तापवून वाफ दिली की हेक्झेन परत मिळतं.

सक्रिय कोळसा: छपाई, रंगकामातल्या विरळ वाफांसाठी चांगला. कोळसा भरला की वाफेने मोकळा करावा लागतो.

जाळणे: परत मिळवणं परवडत नसेल तेव्हा. थेट ज्वलनाला ७६० अंश किंवा जास्त तापमान लागतं, उत्प्रेरक असल्यास साधारण ३०० ते ४५०. आरटीओमधले सिरॅमिकचे थर ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता वाचवतात.

बायोफिल्टर: ओलसर थरातले जिवाणू वाफ खातात. वास आणि विरळ वायूंसाठी स्वस्त. पण हेक्झेन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून इथे फारसा उपयोग नाही.

माझं मत विचाराल तर क्रम असा ठेवा: आधी गळती बंद, मग कंडेन्सर, मग शोषण. जाळणं शेवटी. कारण हवेत गेलेलं हेक्झेन म्हणजे विकत घेतलेला माल गेला, आणि वर माणसांच्या जिवाला घोर.