वस्तादांना पगार कोण देत होतं?

आजोबांनी माझ्या वडिलांना कोल्हापुरात तालमीत घातलं, तेव्हा पैशांची बोलणी झाली ती फक्त दुधाची. रतीब किती लावायचा, तूप-बदाम गावाकडून कधी पोचवायचे, एवढंच. वस्तादांना काय द्यायचं, हे विचारायची पद्धतच नव्हती. नारळ, फेटा आणि मारुतीपुढे डोकं टेकणं, यावर पोरगं वस्तादांच्या हवाली झालं.

मग वस्तादांची चूल कशावर पेटायची? आपल्याकडे या प्रश्नावर गुरुभक्तीचं पांघरूण घालतात. खरं उत्तर दरबारात होतं. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले आणि स्वतः कुस्तीचे शौकीन असल्याने त्यांनी मल्लांना राहायला जागा आणि खुराक दिला, पंजाबातले पैलवान कोल्हापुरात आणले. १९०२ साली इंग्लंडच्या राजाच्या राज्यारोहणाला ते गेले, तेव्हा रोमचं जुनं रंगमंडळ त्यांनी पाहिलं. त्यातून १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. पार मागच्या माणसालाही चितपट दिसते. या आश्रयावर तालमी जगल्या, म्हणून शेतकऱ्याच्या पोराला शिकवणी फुकट पडली.

फुकट म्हणजे तरी काय? नव्या पोराने आधी हौदा खणायचा. तांबडी माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळायचं, थोरल्या पैलवानांची अंगं रगडायची. वस्ताद तेवढ्या वेळात पोराला जोखत. वडील सांगायचे, ठेंगण्या, दणकट पोराला त्यांचे वस्ताद आधी पट काढायला शिकवत, लांब हातांच्याला ढाक. एकाच साच्यातले जोर-बैठका सगळ्यांना, पण डाव ज्याच्या-त्याच्या बांध्याप्रमाणे. हात निखळला तर बसवायचेही वस्तादच. वडिलांचा उजवा कोपर पुढे जन्मभर सरळ झाला नाही. त्याबद्दल कुणाला जाब विचारायचा असतो, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि बाईमाणसाला तर तालमीचा उंबरठाही बंद.

१ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि दरबारी खुराक आटला. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी पैलवानांना मानधन देऊन ती जागा थोडीफार भरली. मधल्या काळातला सगळ्यांना माहीत असलेला दाखला खाशाबा जाधवांचा. गोळेश्वरच्या या पोराचे पहिले वस्ताद त्याचे वडीलच. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जायचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे मातीऐवजी मॅट आणि नियमही निराळे, तेव्हा रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना तयार केलं. सहावा क्रमांक आला. १९५२ ला हेलसिंकीला जायच्या वेळी मात्र पैसे गोळा करताना नाकी नऊ आले. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. शिकवणीचा आणि प्रवासाचा खर्च कधी राजाने, कधी प्राचार्याने सोसला. तो कुणाला पडलाच नाही, असं कधी झालेलं नाही.

म्हणून माझी पुण्याची भाची महिन्याची फी मोजून ट्रेनर ठेवते, याला नाक मुरडणाऱ्या आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्यांशी माझं पटत नाही. तिने मला विचारलं, "मामा, त्याच्यात काय बघायचं?" मी म्हटलं, भिंतीवरचे दंड दाखवणारे फोटो सोड. त्याच्या हाताखालचे लोक टिकतात का ते बघ, पहिल्याच दिवशी वजनं लादतो की आधी तुझी चाल आणि जुनी दुखणी विचारतो ते बघ, आणि दुखापत झाली तर काय करतो हे फी देण्याआधी विचार. तिने विचारलं. त्याने डॉक्टरांकडे पाठवीन म्हणून सांगितलं, तेव्हा मला तो आवडला.

पुढे वेळ जमेना म्हणून तिने ट्रेनर बदलला. आधीच्याने उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले आणि नव्याला तिच्या गुडघ्याची सगळी माहितीही कळवली. वडिलांच्या तालमीतला एक पठ्ठा दुसऱ्या तालमीत गेला, तर वस्तादांनी त्याच्याशी मरेपर्यंत बोलणं टाकलं होतं.