तळटीप १२ : येरेवानचा वेर्निसाझ

१२. वेर्निसाझ : आर्मेनियाची राजधानी येरेवान इथे रिपब्लिक चौकाजवळ भरणारा हस्तकलांचा उघडा बाजार. १९८०च्या दशकात चित्रकार इथे आपली चित्रे मांडू लागले. मागोमाग चांदीकाम करणारे, गालिचेवाले, लाकूड कोरणारेही आले. शनिवार-रविवारी गर्दी उसळते.

मजकुरात वारंवार येणारे डाळिंब ही तिथली सुबत्तेची आणि वंशवृद्धीची खूण. मातीच्या शोभेच्या वस्तूंपासून कर्णफुलांपर्यंत ते सगळीकडे दिसते. दागिन्यांत चांदीच्या तारकामाशेजारी ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, हमखास असते. लाकडी तबकड्यांवरची क्रूसाची नक्षी खाचकार या कोरीव शिळांवरून उचललेली. ती शिल्पकला २०१० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली.

पारंपरिक पोशाखाला ‘ताराझ’ म्हणतात. त्याचा रंग, नक्षी आणि शिरोभूषण प्रांतागणिक बदलते. जुना किरमिजी रंग ‘वोर्दान कार्मिर’ अरारातच्या मैदानात गवताच्या मुळांवर जगणाऱ्या किड्यांपासून काढत. हस्तलिखितांतल्या चित्रांनाही तोच वापरत.

‘उर्त्स’ हा डोंगरी थाइमच्या वाळवलेल्या डहाळ्यांचा काढा, त्यात चहाची पत्ती नसते. वास ओव्याच्या जवळचा, कारण थायमॉल हे द्रव्य दोन्हींत आढळते. पुदिन्यासोबतही तो विकतात.