ओहमने रोध इंचांत मोजला

विभवांतराला धारेने भागले की रोध मिळतो आणि दोघांचा गुणाकार केला की विद्युतशक्ती. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे रोध ६ ओहम आणि शक्ती २४ वॅट. वर्गातली मुले हे गणित चटकन सोडवतात. पण व्होल्टमीटर नव्हता आणि अँपिअर हे एककही ठरले नव्हते, तेव्हा हा नियम सापडला कसा? ती हकिकत मुलांना सांगावी असे आम्हांला वाटते, कारण या सूत्रांचा अर्थ तिच्यातून उलगडतो.

जॉर्ज सायमन ओहम हे जर्मनीतील कोलोनच्या एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवत. सुरुवातीला त्यांनी व्होल्टाचा घट वापरला. प्रयोग चालू असतानाच या घटाचा दाब घसरे. धारा कमी झाली ती तारेमुळे की घटामुळे, हे सांगता येईना. १८२५ साली त्यांनी मांडलेले सूत्र त्यामुळे चुकले.

मग पोगेनडॉर्फ या संपादकांच्या सूचनेवरून त्यांनी घटाऐवजी बिस्मथ व तांबे यांची जोडणी घेतली. तिचे एक टोक उकळत्या पाण्याच्या आणि दुसरे बर्फाच्या तापमानाला ठेवले. तापमानातला फरक कायम, म्हणून विभवांतरही कायम. धारा मोजायला टांगलेली चुंबकसूची होती. धारेमुळे वळलेली सूची मूळ जागी आणण्यासाठी किती पीळ द्यावा लागतो, ते धारेचे माप.

आता सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडायच्या. जानेवारी १८२६ मधील त्यांची काही निरीक्षणे अशी: तार २ इंच, पीळ ३२६.७५, १८ इंच, १९०.७५, १३० इंच, ४८.५. लांबी ६५ पट झाली, पण धारा ६५ पट कमी झाली नाही. असे का?

कारण मंडलाच्या उरलेल्या भागालाही रोध आहे. ओहम यांच्या हिशेबाने तो २०.२५ इंच तारेएवढा होता. प्रत्येक लांबीत २०.२५ मिळवा आणि पिळाच्या आकड्याने गुणा. उत्तरे येतात सुमारे ७२७०, ७२९६ आणि ७२८७. म्हणजे जवळजवळ स्थिर! एकूण रोध गुणिले धारा बरोबर विभवांतर, ते हेच. हा गुणाकार मुलांना स्वतः करू द्यावा.

१८२७ साली ओहम यांचे पुस्तक निघाले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये त्यांना कोप्ले पदक दिले. रोधाच्या एककाला त्यांचे नाव मिळाले, तोवर त्यांचा मृत्यू (१८५४) होऊन गेला होता.

शक्तीचे सूत्र मात्र ओहमच्या नियमातून आपोआप निघत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग लागला. इंग्लंडमध्ये जेम्स जूल यांनी तारेचे वेटोळे पाण्यात बुडवून पाणी किती तापते ते मोजले. दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग आणि रोध यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८४१ साली प्रसिद्ध केले. धारा गुणिले रोध म्हणजे विभवांतर. म्हणून शक्ती बरोबर विभवांतर गुणिले धारा.

शेवटी एक प्रश्न वर्गासाठी. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ६० वॅटच्या तारेच्या दिव्याचा रोध गणिताने सुमारे ८८० ओहम येतो. दिवा होल्डरमधून काढून, थंड असताना मल्टिमीटरने मोजला, तर तो याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. सूत्र चुकले का? नाही. पेटलेली टंगस्टनची तार अतिशय तापलेली असते आणि तापमानाबरोबर तिचा रोध वाढतो. ओहम यांनी बर्फ आणि उकळते पाणी वापरून विभवांतर स्थिर राखले. तारेचा रोध स्थिर राहायचा, तर तिचे तापमानही तसेच राखावे लागते.