आगाखान पॅलेसमधील शुश्रूषा

१९४४ च्या जुलैत गांधीजी पाचगणीला आले ते प्रकृती सुधारण्यासाठी. मे महिन्यात सुटका झाली होती. पण कस्तुरबा बरोबर नव्हत्या. पाचगणीची हवा त्या काळी क्षयाच्या रोग्यांना मानवे, डॉ. बिलिमोरियांचे बेल-एअर त्याचसाठी. बांचे दुखणे मात्र निराळे होते, आणि त्यांना हवापालट कोण करू देणार?

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या कैदेत होत्या. हृदय थकलेले. अशा रोग्याने पाठ टेकली की फुफ्फुसांत पाणी साचून धाप लागते. मग झोप कसली! म्हणून त्यांच्या अंथरुणावर एक लहानसे मेज ठेवीत, त्यावर हात ठेवून त्या मान टाकीत. पुढे त्याच मेजावर गांधीजी जेवीत असत. उशाशी डॉ. गिल्डर नि डॉ. सुशीला नय्यर, तेही कैदीच!

बांनी पुण्याच्या डॉ. दिनशा मेहतांची पुनःपुन्हा मागणी केली. मेहता निसर्गोपचारवाले, मालिश हे त्या उपचाराचे मोठे अंग. परवानगी मिळाली ती फेब्रुवारीत. माझ्या मते फार उशिरा. २२ तारखेला बा गेल्या.

मालिशने हृदय बरे होत नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. पण अलीकडे अशा रोग्यांवर छोटे छोटे प्रयोग झाले, त्यांत पाठ हलक्या हाताने चोळल्यावर थकवा उतरतो, झोप बरी लागते, असे काही ठिकाणी दिसले. सुजलेला पाय मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून रगडू नये. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुफ्फुसात जाते. पाठीचे तसे नाही. रोगी मेजावर टेकून बसला असला, तरी मागून ती चोळता येते.