१९६० सालची श्रेष्ठ तबकडी कोणती?

वसंत ऋतूत व्याख्यानांची माला गुंफण्याची प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली आणि ती गावोगाव रुजली. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा संकेत आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांतून, वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. तेव्हा पगार, बोनस आणि संप यांवर बोलणाऱ्या माणसाने गाण्यांवर बोलावे याचे कोणास नवल वाटेल. पण आजच्या विषयाचा शेवट मजुरीच्याच प्रश्नाशी होतो, हे पुढे दिसून येईल.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या घराची कौले उडाली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक रात्रभर पावसात राहिली. तीत वडिलांच्या जुन्या तबकड्या होत्या. तबकडी लाखेची, तिला पाण्याचे फारसे भय नाही. कागदी पाकिटांचा मात्र लगदा झाला आणि मधल्या गोल कागदावरची अक्षरे कित्येक ठिकाणी निघून गेली. गाणे राहिले, नावे गेली. कोणते गाणे कोणाचे हे ओळखण्यासाठी चार शेजारी जमले आणि वादास तोंड फुटले.

वडील मुंबईच्या एका गिरणीत कामाला होते. १९६० साली ते बावीस वर्षांचे. त्या वर्षीच्या तबकड्या ट्रंकेत सर्वांत अधिक निघाल्या. म्हणून वाद असा झाला की, त्या एका वर्षातील सर्वश्रेष्ठ संगीत कोणते? एका काकांनी ‘मुगल-ए-आझम’चा पक्ष घेतला. जहाजावर उमर घालविलेल्या एका चाचांनी ‘चौदहवी का चाँद’चा घेतला. मास्तर म्हणाले, “महाराष्ट्र ज्या साली जन्मला, त्या सालचे गाणे एकच. दुसऱ्याचे नाव काढू नका.”

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज ज्यास आपण ‘अल्बम’ म्हणतो, ती वस्तू १९६० साली सामान्य घरात नव्हती. मिनिटास ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी, एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे, हीच रीत होती. अल्बम म्हणजे मुळात अशा अनेक तबकड्या ठेवण्याची जाड पानांची वही. चित्रपटाची गाणी एकेक तबकडी करून विकत घ्यावी लागत, आणि गिरणी कामगारास ते महिन्याचा हिशेब पाहूनच जमे. म्हणजे प्रत्येक तबकडी हे त्याचे एक मतच होते. पोटाला चिमटा घेऊन दिलेले.

आता त्या वर्षाचे न्यायाधीश कोण कोण होते ते पाहू. पहिला न्यायाधीश बाजार. माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत, १९५२ साली, आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. केसकर हे शास्त्रीय संगीताचे अभिमानी. लोकांची अभिरुची सुधारावी हा त्यांचा हेतू. परंतु श्रोत्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दुकानांतील विक्री आणि श्रोत्यांची पत्रे यांवरून गाण्यांचा क्रम लागे आणि वर्षाअखेर साऱ्या वर्षाचा निकाल जाहीर होई. १९६० साली तेथे पहिला मान ‘बरसात की रात’ या चित्रपटातील गीतास मिळाला. संगीत रोशन यांचे, शब्द साहिर लुधियानवी यांचे.

दुसरा न्यायाधीश पारितोषिकाचा. १९६० च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरचे संगीताचे पारितोषिक शंकर-जयकिशन यांना ‘दिल अपना और प्रीत पराई’साठी मिळाले. नौशाद यांचे ‘मुगल-ए-आझम’ आणि रवी यांचे ‘चौदहवी का चाँद’ मागे राहिले. ५ ऑगस्ट १९६० रोजी मराठा मंदिरात झळकलेल्या ‘मुगल-ए-आझम’ला उत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, पण त्याच्या संगीतास नाही! गायनाचे पारितोषिक महंमद रफी यांना व गीताचे शकील बदायुनी यांना, दोन्ही ‘चौदहवी का चाँद’साठी. या निकालावर रसिकांत आजही भांडणे होतात.

तिसरा न्यायाधीश काळ. त्याने ‘मुगल-ए-आझम’च्या बाजूने कौल दिला आहे, यात शंका नाही.

आणि चौथा न्यायाधीश म्हणजे लोकांचा मेळावा. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. त्या पर्वाचे महाराष्ट्रगीत राजा बढे यांनी लिहिले, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि शाहीर साबळे यांनी गाइले. वाईजवळच्या पसरणीचा हा शाहीर. २०२३ साली शासनाने ते राज्यगीत म्हणून स्वीकारले. येथे श्रेष्ठता दुकानात वा समारंभात ठरली नाही. सभा सुरू होताना लोक ते आपण होऊन म्हणू लागले, तिथेच ती ठरली.

चार न्यायाधीश आणि चार निकाल! म्हणजे वाद निरर्थक होता काय? आम्हांस तसे वाटत नाही. बाजाराने आजची मागणी मोजली, पारितोषिकाने धंद्याचे मत मोजले, काळाने टिकाऊपणा मोजला, मेळाव्याने उपयोग मोजला. मापे वेगळी होती आणि ती सांगितल्यावाचून ‘श्रेष्ठ’ हा शब्द उच्चारणे म्हणजे तराजू न दाखवता माल विकण्यासारखे आहे.

परंतु या चारही मापांत एक गोष्ट कोणीच मोजली नाही: तबकडी घडविणारे हात. लाख देणारे छोटा नागपूरकडचे मजूर आणि ती दाबून तबकडी काढणारे कलकत्त्याजवळच्या दमदम येथील कारखान्याचे कामगार घटकाभर बाजूस ठेवू. गाण्यातच कोण होते? पारितोषिक मिळविणाऱ्या शंकर-जयकिशन यांच्या मागे वाद्यवृंदाची रचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर होते. दोघेही मूळचे गोमंतकीय. १९६० साली गोवा पोर्तुगिजांच्याच ताब्यात होता. व्हायोलिन, ट्रम्पेट वाजविणारे कितीतरी गोवेकर पोटासाठी मुंबईस आले आणि तिच्या चित्रपटसंगीताचा कणा बनले. तबकडीवर त्यांची नावे नव्हती. आमच्या ट्रंकेतील नावे वादळाने पुसली; यांची तर कोणी लिहिलीच नव्हती.

नाव असलेल्यांचीही कथा सुखाची नाही. आरंभीच्या फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनास स्थानच नव्हते. ‘चोरी चोरी’च्या संगीतास पारितोषिक मिळाले तेव्हा समारंभात गाण्यास लता मंगेशकर यांनी नकार दिला. गायकाचा गौरव करावयाचा नसेल तर गायकाने तेथे गावे का, हा त्यांचा प्रश्न होता. आमच्या भाषेत यास संप म्हणतात, आणि तो यशस्वी झाला. १९५९ पासून गायनास पारितोषिक सुरू झाले व पहिले ‘मधुमती’साठी त्यांनाच मिळाले.

पुढे त्यांनी रॉयल्टीचा प्रश्न काढला. गाणे वर्षानुवर्षे विकले जाते, तर गायकास त्यात वाटा का नसावा? रफीसाहेबांचे मत निराळे होते: ठरलेला मोबदला घेतला, तेथे हिशेब संपला. या मतभेदातून दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे थांबविले. कामगार चळवळीतला माणूस म्हणून आमचा कौल लताबाईंकडे आहे. तथापि रफीसाहेबांच्या बोलण्यात घेतल्या शब्दाला जागणाऱ्या प्रामाणिक कारागिराचा बाणा होता, हे विसरता येत नाही.

कायदा यापेक्षा सावकाश चालला. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, विरुद्ध करार नसेल तर चित्रपटासाठी रचलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माता. गायकाच्या गाण्यास कायद्यात हक्क नाही याची खंत न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालास जोडलेल्या टिपणीत नोंदविली. १९९४ च्या दुरुस्तीने कलाकाराचा हक्क मान्य झाला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील वाटा असा बांधून दिला की, गरजेपोटी सही करूनही तो निर्मात्यास देऊन टाकता येऊ नये. १९६० च्या त्या वर्षापासून मोजले तर बावन्न वर्षे झाली. साहिर, शकील, रोशन, नौशाद, शंकर, जयकिशन, रवी, यांतील एकही तोवर हयात नव्हता.

आता आमचे मत. तरुणपणी आम्ही मास्तरांच्याच पक्षात होतो. आज विचाराल तर आम्ही ‘बरसात की रात’ निवडू. आणि तीही गीतमालेने मानलेल्या गीतासाठी नव्हे, त्यातील दीर्घ कव्वालीसाठी. मन्ना डे, रफी, आशा भोसले, सुधा मल्होत्रा, बातिश असे अनेक आवाज तीत आहेत. एक थांबला की दुसरा उचलतो, कोणी कोणास झाकीत नाही. तिच्यामागे पंजाबातील जुन्या कव्वालांची परंपरा आहे. तीन मिनिटांच्या एका बाजूत ती मावणे शक्यच नव्हते. एकट्याच्या मोठेपणापेक्षा मेळाची शिस्त आम्हांस मोठी वाटते. हा आमच्या धंद्याचा दोष समजा.

शेवटी वडिलांविषयी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे. काही महिन्यांनी घरातील फोनो विकला गेला. तबकड्यांस गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्या ट्रंकेत राहिल्या व वडिलांबरोबर श्रीवर्धनास आल्या. वाजविण्याचे साधन नसताना ते गणपतीच्या आधी त्या एकेक काढून फडक्याने पुसत आणि गोल कागदावरचे नाव मोठ्याने वाचीत. श्रेष्ठ कोणती, हे त्यांनी कधी सांगितले नाही. नावे मात्र सगळी वाचीत.

वादळानंतर जमलेल्या त्या चौघांनी जुळवून जुळवून बहुतेक तबकड्यांची नावे पुन्हा लावली आहेत. आम्ही ती नव्या पाकिटांवर लिहिली. जेथे ठाऊक होते तेथे वादकाचेही लिहिले. श्रेष्ठतेचा वाद आपण पुढील वसंतातही खुशाल घालू. पण त्याआधी नावे पुरी लिहू या.