अंगणापर्यंत आलेली शाळा

१९१३ साली काठेवाडातल्या गिरिजाशंकर बधेका नावाच्या एका वकिलाला मुलगा झाला. वढवाण कॅम्पात त्यांची वकिली चालू होती. या मुलाला वाढवायचं कसं, हा प्रश्न त्यांनी पक्षकाराच्या खटल्याइतकाच मनावर घेतला. ते पुस्तकं मिळवून वाचू लागले आणि त्या वाचनात त्यांना मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंच्या कामाचा पत्ता लागला. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर सुरू झालं. लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशावाली आई, म्हणत. गिजुभाई बधेका ते हेच.

माझी नोकरी डहाणू तालुक्यातल्या पाड्यांवर, आधी बालवाडीत आणि मग अंगणवाडीत गेली. आता पुण्यात नातवाला सांभाळते. सोसायटीतल्या तरुण आया विचारतात, “काकू, दीड वर्षाच्या मुलाला घरी काय शिकवायचं? कोणती कार्डं आणू?” तेव्हा मला हा वकील आठवतो. आपल्याकडचं बालशिक्षण एका बापाच्या काळजीतून निघालं आणि पुढेही ते पुन्हा पुन्हा घराकडे वळत राहिलं. हा इतिहास आईबापांना माहीत हवा, कारण तो त्यांचाच आहे.

त्याआधी घरात शिकवणं नव्हतं असं नाही. मूल उभं राहू लागलं की त्याच्या हाती तीन चाकांचा लाकडी पांगुळगाडा येई. मांडीवर बसवून बोटं मोजली जात. जात्यावरच्या ओव्या अर्धवट झोपेत कानावर पडत. भातुकली आली की सावंतवाडीच्या कारागिरांनी घडवलेली इवलीशी चूल, जातं, पोळपाट-लाटणं हातात येई आणि आईचा दिवस पोरगी आपल्या मापाने जगून बघे. या कशालाच कुणी शिक्षण म्हणत नसे. शिक्षण सुरू होई ते पाचव्या वर्षाच्या सुमारास, धूळपाटीवर. पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने श्रीगणेशा गिरवायचा, मग पंतोजींची शाळा आणि संध्याकाळी दिव्यापाशी परवचा. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकीही घोकून घेत. अक्षरांचं हे शिक्षण मोजक्या घरांत आणि बहुतेक मुलग्यांनाच मिळे. मांडीवरचं शिक्षण मात्र प्रत्येक झोपडीत होतं. गंमत-जंमत म्हणून ते सोडून दिलं गेलं, कारण ते बायका देत होत्या आणि त्याची परीक्षा नव्हती.

गिजुभाईंचं मोठेपण मला इथे वाटतं. त्यांनी या मांडीवरच्या काळाकडे गंभीरपणे पाहिलं. ते शिक्षकांसाठी लिहीत, तसंच आईबापांसाठीही लिहीत. आईबाप होणं अवघड आहे, असं सांगणारं ‘माबाप थवुं आकरुं छे’ हे त्यांचं पुस्तक त्या काळात घरच्या माणसांना उद्देशून होतं. मुलाला मारू नका, भीती घालू नका, लालूच दाखवू नका, त्याचं काम त्याला करू द्या, हे त्यांनी न थकता सांगितलं.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला आल्या. मुंबईच्या प्रार्थना समाजी घरातली ही पदवीधर मुलगी, लग्नानंतर अमरावतीला गेलेली. संसार टिकला नाही. राजकोटच्या स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावर त्या होत्या. ती जागा सोडून त्या आपल्या लेकीसह गिजुभाईंच्या बालमंदिरात आल्या. म्हणजे या चळवळीच्या मुळाशी मुलासाठी पुस्तकं धुंडाळणारा एक बाप आहे आणि मुलीचं बोट धरून आलेली एकटी आई आहे. दोघांनी मिळून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघत होती, ती पुढे ताराबाईंनी मराठीतही आणली. घरबसल्या आईबापांपर्यंत पोचायला तेव्हा याहून चांगला मार्ग नव्हता.

माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये, सान लोरेन्झो या गरीब वस्तीतल्या चाळवजा इमारतीत उघडलं. आईबाप कामाला गेले की मागे राहिलेली पोरं तिथे येत. पाणी ओतणं, झाडणं, बटणं लावणं अशी घरातलीच कामं मुलं तिथे करत आणि त्यातून त्यांचा हात, नजर, लक्ष घडे. पुढे या पद्धतीचं घोटीव लाकडी साहित्य जगभर गेलं आणि पद्धत महाग झाली. १९३१ मध्ये गांधीजी लंडनमध्ये माँटेसरीबाईंच्या प्रशिक्षण महाविद्यालयात बोलले, तेव्हा त्यांनीही भारतातल्या गरीब मुलांचा विषय काढला. शहरातल्या सुखवस्तू मुलांना हे मिळेल, खेड्यातल्या मुलांचं काय? ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार चालवलं होतं, त्यामुळे हा प्रश्न त्यांना चुकवता येणारा नव्हता.

उत्तर शोधायला त्या १९४५ च्या अखेरीस बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातलं, समुद्राकाठचं गाव. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, असं नशीब घेऊन निघालेल्या अनुताई शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. तिथून त्या खेड्यात आल्या. त्याच वर्षी याच भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. ज्या आईबापांचा सगळा दिवस सावकाराच्या आणि जमीनदाराच्या शेतावर जातो, त्यांच्या मुलांना घरी कुणी काय शिकवायचं? हा प्रश्न त्या मातीतून वर आला होता.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुलं तिथवर येईनात. मग या बायकाच वस्तीवर गेल्या. कुणाच्या तरी घरापुढचं सारवलेलं अंगण मिळालं की तिथेच बालवाडी भरायची. पहिलं काम आंघोळ घालणं, केस विंचरणं, नखं काढणं. त्यानंतर गाणी, गोष्टी, खेळ. साहित्य म्हणून चिंचोके, शंखशिंपले, खडे, बिया, पानं, माती. आसपासच्या आया काम करता करता हे पाहत. पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे ध्यानात आलं की मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिला विकासवाडी म्हटलं. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, पण मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती ही की त्यांनी शाळेचा उंबरठा मुलाच्या पायाशी आणून ठेवला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडी हे नाव त्यानंतर देशभरात पोचलं. आमच्यासारख्या शेकडो बायका त्यातून कामाला लागल्या.

आमच्या कामात गृहभेट असे. वजनाचा तक्ता आणि लसीची तारीख सांगून झालं की मी थोडी टेकायची. वारली घरात शिकवायला काही नाही असं बाहेरच्या माणसाला वाटतं. मला तिथे सगळं दिसायचं. आई सुपात तांदूळ पाखडतेय, दोन वर्षांचं पोर शेजारी बसलंय. मी म्हणायची, “बाय, त्याच्यापुढे मूठभर वाल आणि मूठभर तूर एकत्र टाक, निवडू दे.” पोराची दोन बोटं एकेक दाणा उचलायची. पुढे पेन्सिल धरणारी बोटं ती हीच. पाणी भरताना लोटा त्याच्या हाती दे, सांडलं तर पुसायला फडकं दे. कुडावर लग्नाचा चौक लिहिणारी बाई तांदळाच्या पिठाचा रंग कालवत असली तर मुलीला जवळ बसव. आणि बोल तुझ्या बोलीत, सगळा वेळ बोल. पुस्तकातली मराठी तिला नंतर येईल. आयांना पटायचं, कारण त्यांच्याकडे जे होतं त्यातलंच मी मागत होते. पटलं तरी वेळ नसायचा. भाताच्या लावणीत आणि वीटभट्टीच्या हंगामात घरात मोठं माणूसच नसे. ज्ञानाची उणीव मला क्वचित दिसली. उणीव वेळेची होती.

म्हणून पुण्यातल्या आयांना मी सांगते की आधी कार्डं बाजूला ठेवा. लसूण सोलताना मुलाला शेजारी बसवा. डबे आणि त्यांची झाकणं द्या, जुळवू द्या. धुतलेले मोजे जोडीने लावू द्या. बसस्टॉपपर्यंत त्याच्या चालीने चला आणि दिसेल त्याचं नाव सांगा. रात्री गोष्ट सांगा, रोज तीच मागितली तरी सांगा. अडीच वर्षांच्या मुलाला अक्षर आलं नाही म्हणून कुणी मागे पडत नाही. ज्याच्याशी कुणी बोललं नाही, ज्याच्या हाताला कुणी काम दिलं नाही, ते मूल मागे पडतं.

पण एवढं सांगून थांबणं अन्याय होईल. सकाळी आठला निघून रात्री आठला परतणाऱ्या आईबापाला ‘मुलाशी बोला’ म्हणणं सोपं आहे. ताराबाई आणि अनुताईंनी वारली आईला नुसता उपदेश केला नाही. तिच्या अंगणात त्या स्वतः उभ्या राहिल्या आणि तिच्या मुलांसाठी पाळणाघर उघडलं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. ती सोय आपल्या कामाच्या जागी आहे का, हे आईने आणि बापानेही विचारलं पाहिजे, नसेल तर मागितली पाहिजे. वस्तीतल्या अंगणवाडीत काय चालतं ते जाऊन पाहिलं पाहिजे आणि तिथल्या सेविकेला पुरेसं मानधन मिळावं म्हणून बोललं पाहिजे. मुलाला घरी शिकवायचं तर आईबापाला घरी असायला मिळालं पाहिजे, आणि ते नसतील तेव्हा मूल कुणा जाणत्या माणसाच्या हाती असलं पाहिजे. बोर्डीच्या अंगणात हे ओळखलं गेलं होतं. तेच आज प्रत्येक घराला मिळावं, यासाठी मी हे लिहिते आहे.