खाटेवरून दिसणारी कला

मध्ययुगीन युरोपातील रुग्णालये बहुतांशी धर्मसंस्थांच्या आश्रयाने चालत, आणि औषधांची शक्ती तोकडी असल्याने तेथे देहाबरोबर आत्म्याचीही काळजी वाहिली जात असे. म्हणूनच तेथील चित्रे शुश्रूषेचा भाग ठरली. बर्गंडीतील बोन येथे निकोला रोलँ याने १४४३ मध्ये स्थापिलेल्या रुग्णालयात गरिबांचे दालन प्रार्थनामंदिराला जोडलेले होते, जेणेकरून रुग्णांना खाटेवरूनच उपासनेत सहभागी होता यावे.

आल्सासमधील ईझेनहाइमच्या मठात ‘संत अँटनीचा अग्नी’ या व्याधीने ग्रासलेल्यांची सेवा होत असे. राय या धान्यावरील अरगट बुरशीमुळे होणाऱ्या या विकारात अंगाची आग होई आणि हातपाय सडून गळून पडत. तेथे मॅथियास ग्र्युनेवाल्टने १५१२ ते १५१६ या काळात रंगविलेल्या वेदीचित्रात, म्हणजे वेदीमागे उभारलेल्या आणि दारांप्रमाणे उघडणाऱ्या चित्रफलकांत, क्रुसावरील ख्रिस्ताचे शरीर जखमांनी भरलेले दिसते, तर एका फलकावर औषधी वनस्पतीही रेखाटल्या आहेत. आपली वेदना देवानेही भोगली आहे, हा दिलासा त्या चित्राने पीडितांना दिला असावा.

पुढे रुग्णालयातील चित्रांचा प्रेक्षक बदलला. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयासाठी विल्यम होगार्थने १७३५ ते १७३७ च्या सुमारास, मोबदला न घेता, रोगमुक्तीचे आणि परोपकाराचे बायबलमधील प्रसंग रंगविले. परंतु ती भव्य चित्रे विश्वस्तांच्या सभागृहाकडे नेणाऱ्या जिन्यावर असल्याने खाटेवरील रुग्णापेक्षा संस्थेचे चालक आणि देणगीदार यांच्याच दृष्टीस अधिक पडत.

रुग्णाची नजर पुन्हा केंद्रस्थानी आणण्याचे मोठे श्रेय फिनलंडमधील पैमियो येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामाला द्यावे लागते. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत वास्तुकार आल्व्हार आल्टो याने खोलीचा विचार निजलेल्या माणसाच्या बाजूने केला. छताला डोळ्यांना शांतवणारा गडद रंग दिला आणि दिवे रुग्णाच्या नजरेला टोचणार नाहीत अशा बेताने बसविले. रुग्णाला खाटेवरून काय दिसते याचे महत्त्व पुढे संशोधनातूनही दिसून आले: १९८४ मध्ये संशोधक रॉजर उलरिख याने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, खिडकीतून झाडे दिसणाऱ्या शस्त्रक्रियोत्तर रुग्णांना, विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या तुलनेत, तीव्र वेदनाशामके कमी लागल्याचे आढळले.

या इतिहासाचा अर्थ स्पष्ट आहे: रुग्णालयातील कलेचे मोल तिच्या भव्यतेवर वा दात्याच्या कीर्तीवर ठरत नसून, हलताही न येणाऱ्या माणसाला ती कितपत दिसते आणि धीर देते यावर ठरते.